निरोप देणे आणि निरोप घेणे

मराठीत 'निरोप' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. कोणाला तरी पाठवायचा तो निरोप, आणि निघताना घ्यायचा तोही निरोप. संगणकांच्या जाळ्यात या दोन अर्थांचा संबंध फार जवळचा आहे. निघताना घ्यायचा निरोप नीट घेतला नाही, तर पाठवलेला निरोप वाटेत हरवू शकतो. ही अडचण १९७०च्या दशकात कशी लक्षात आली, तिच्यावर काय तोड निघाली आणि पुढे पंधरा वर्षांनी बरेच जण ती कशी विसरले, ते आपण पाहू.

आधी टेलिफोनवरचे बोलणे आठवा. "बरं, माझं सांगून झालं. तुझं काही?" "हो, एक राहिलंच, आईचा रिपोर्ट आला..." मग ती हकीकत. मग "ठेवू का आता?" आणि "हो, ठेव." एकाचे बोलणे संपले म्हणून संभाषण संपत नाही, दुसऱ्याचे राहिलेले असू शकते. दोघांचेही संपले हे दोघांनाही कळले, की मगच फोन ठेवायचा. हे आपण इतके सहज करतो की त्यात काही शास्त्र असेल असे मनातही येत नाही. पण टेलिफोनवर आपल्याला एक मोठी सवलत असते. मधली तार चालू आहे की तुटली, हे कानाला लगेच कळते. संगणकांच्या जाळ्यात अशी तारच नसते. संदेशाचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट, करून ते एकेक सुटे पाठवले जातात. काही हरवतात, काही उशिरा पोचतात, काहींच्या दोन प्रती पोचतात, कधी मागचे पॅकेट पुढच्याच्या आधी येते. अशा टपालावर भिस्त ठेवून "ठेवू का?" "हो, ठेव" कसे म्हणायचे?

आर्पानेट या जाळ्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे गेला. तेव्हा हा प्रश्न फारसा जाणवला नव्हता. आर्पानेटमध्ये प्रत्येक ठिकाणी 'इम्प' नावाचा एक वेगळा छोटा संगणक असे. पॅकेट हरवू न देणे, क्रम सांभाळणे आणि संदेश पोचला की पाठवणाऱ्याला "पुढचा पाठवा" असे कळवणे, ही सारी कामे इम्पची. मुख्य संगणकांनी वापरायच्या एनसीपी या नियमावलीत जोडणी बंद करण्यासाठी एक आज्ञा होती. दोन्ही बाजूंनी ती पाठवली आणि दोन्हींना ती मिळाली, की जोडणी बंद झाली असे मानत. खालचा टपालखाता प्रामाणिक होता, म्हणून एवढ्यावर भागत होते.

मग जाळ्यांची संख्या वाढू लागली. रेडिओवर चालणारे एक जाळे, उपग्रहावर चालणारे दुसरे, आर्पानेट तिसरे. ही एकमेकांना जोडायची तर प्रत्येक जाळे इम्पइतके काळजीवाहू असेल असे धरून चालता येत नव्हते. फ्रान्समध्ये लुई पूझँ यांनी सिक्लाद या जाळ्यात उलटाच विचार मांडला होता: जाळ्याने फक्त प्रयत्न करावा, खात्रीची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांनी घ्यावी. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच मार्ग धरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या नव्या नियमावलीचा, म्हणजे टीसीपीचा, पहिला तपशीलवार मसुदा आला. त्यावर सर्फ यांच्याबरोबर योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन या दोन संशोधक विद्यार्थ्यांची नावे आहेत. यांतले दलाल हे पवईच्या आयआयटीचे पदवीधर, तेथून ते स्टॅनफर्डला गेले होते.

जबाबदारी टोकांकडे आली आणि निरोप घेण्याचा प्रश्न उभा राहिला. तो किती अवघड आहे हे वर्गात पंधरा मिनिटांत दाखवता येते.

वर्गाच्या दोन टोकांना मुलांचे दोन गट बसवा. मध्ये एक टपालवाला. गटांनी एकमेकांशी फक्त चिठ्ठ्यांनी बोलायचे. टपालवाल्याने प्रत्येक चिठ्ठी नेताना नाणे उडवायचे. छापा पडला तर चिठ्ठी पोचवायची, काटा पडला तर गुपचूप खिशात घालायची. दोन्ही गटांनी एका ठरलेल्या मिनिटाला पाटी वर करायची आहे. दोघांनी केली तर दोघे जिंकले, एकानेच केली तर दोघेही हरले. म्हणून दुसरा गट नक्की पाटी वर करणार अशी खात्री असेल तरच करायची.

पहिला गट लिहितो, "दहा वाजून पाच मिनिटांनी." ही पोचली का, हे त्याला माहीत नाही. म्हणून दुसरा गट उत्तर देतो, "कळले." पण हे उत्तर पोचले का, हे आता दुसऱ्याला माहीत नाही, आणि ते पोचले नसेल तर पहिला गट पाटी वर करणार नाही. म्हणून पहिला लिहितो, "तुमचे 'कळले' कळले." ते तरी पोचले का? मुले आठ-दहा चिठ्ठ्यांपर्यंत जातात, आणि मग कोणीतरी ओरडते की हे कधी संपणारच नाही. ते मूल बरोबर बोलत असते.

सिद्धताही भूमितीच्या तासाला शोभेल अशी आहे. समजा, ठरावीक चिठ्ठ्यांत पूर्ण खात्री देणारी एखादी युक्ती आहे. अशा सगळ्या युक्त्यांतली सर्वांत कमी चिठ्ठ्यांची युक्ती घ्या. तिच्यातली शेवटची चिठ्ठी पाहा. ती पाठवणाऱ्याला ती पोचली की नाही हे कधीच कळत नाही, म्हणून तो दोन्ही स्थितींत सारखेच वागणार. मग ती हरवली तरी युक्ती बिघडायला नको. म्हणजे त्या चिठ्ठीची गरजच नव्हती. ती काढून टाकली तर एका चिठ्ठीने लहान युक्ती मिळते. पण आपण तर सर्वांत लहान युक्ती घेतली होती. विसंगती आली, म्हणून अशी युक्ती असूच शकत नाही.

हा प्रश्न अक्कोयुन्लू, एकनाधम् आणि ह्यूबर या तिघांनी १९७५ साली ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या एका परिषदेत मांडला. त्यांच्या गोष्टीत गुंडांच्या दोन टोळ्या होत्या. १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी टोळ्यांच्या जागी सेनापती आणले आणि 'दोन सेनापतींचा पेच' हे नाव रूढ झाले. आमच्या मते मूळ टोळ्याच बऱ्या होत्या, पण नावे आपल्या हातात नसतात.

आता कोणी म्हणेल, मग जोडणी सुरू तरी कशी होते? तीही चिठ्ठ्यांनीच होते. बीबीएन या कंपनीतील रे टॉमलिन्सन यांनी १९७५ साली तीन पॅकेटांची देवाणघेवाण सुचवली आणि टीसीपीने ती घेतली. तिथेही शेवटचे पॅकेट पोचल्याची खात्री नसते. पण सुरुवातीला चूक झाली तर फार बिघडत नाही; अजून काही सांगितलेले नसते, पुन्हा सुरू करायचे. शेवटी तसे नसते. सांगायचे ते सांगून झालेले असते आणि ज्याने सांगितले तो उठून निघून गेलेला असू शकतो. हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. म्हणूनच जोडणे सोपे आणि सोडणे कठीण.

टीसीपीचे मसुदे सात वर्षे बदलत राहिले. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला दस्तऐवज आला. आरएफसी ७९३ हा त्याचा क्रमांक. त्यात निरोपाची पद्धत अशी आहे. 'अ'चे पाठवायचे संपले की तो 'फिन' ही खूण असलेले पॅकेट पाठवतो. त्याचा अर्थ "मी फोन ठेवला" असा नाही, "माझं सांगून झालं" एवढाच. 'ब' त्याची पोच देतो. 'ब'चे काही राहिले असेल तर तो ते सांगत राहतो आणि 'अ' ऐकत राहतो. 'ब'चेही संपले की तो आपला फिन पाठवतो आणि 'अ' त्याची पोच देतो. अशी चार पॅकेटे. संभाषणाच्या दोन दिशा दोन वेगळ्या जोडण्यांसारख्या बंद होतात.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. टीसीपीत प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा क्रमांक असतो आणि फिनलाही त्याच मालिकेतला क्रमांक मिळतो. त्यामुळे फिनची पोच आली, याचा अर्थ त्याच्या आधीचा प्रत्येक बाइट पलीकडच्या संगणकातील टीसीपीपर्यंत पोचला. टपालातल्या रजिस्टर्ड पत्राच्या पोचपावतीसारखेच हे.

राहिली ती शेवटची पोच. 'अ'ने ती दिली. पण ती पोचली का? सिद्धतेने सांगितलेच आहे की याला पूर्ण उत्तर नाही. टीसीपीच्या कर्त्यांनी ते मान्य केले आणि उत्तराच्या जागी घड्याळ ठेवले. शेवटची पोच दिल्यावर 'अ'ने लगेच निघून जायचे नाही. एखादे पॅकेट जाळ्यात जास्तीत जास्त जितका वेळ भटकू शकेल, त्याच्या दुप्पट वेळ थांबायचे. पोच हरवली तर 'ब' आपला फिन पुन्हा पाठवील, आणि उत्तर द्यायला 'अ' जागेवर असेल. पोच पलीकडे जायला एक पट वेळ आणि पुन्हा पाठवलेला फिन परत यायला एक पट, म्हणून दुप्पट. दस्तऐवजाने पॅकेटचे आयुष्य २ मिनिटे धरले, म्हणजे थांबायचे ४ मिनिटे. हा आकडा केवळ सोयीने निवडला आहे आणि अनुभवाने बदलता येईल, असे तिथेच स्पष्ट लिहिले आहे. या अवस्थेला 'टाइम-वेट' म्हणतात.

थांबण्याचे दुसरे कारणही आहे. जुन्या संभाषणातले एखादे पॅकेट कुठेतरी अडकून उशिरा पोचले आणि तोवर त्याच दोन संगणकांच्या त्याच दोन पोर्टांमध्ये नवी जोडणी सुरू झाली असेल, तर कालचे वाक्य आजच्या बोलण्यात शिरेल. वर्गातल्या खेळात टपालवाल्याने खिशातली जुनी चिठ्ठी पुढच्या डावात काढून दिली तर होणारा गोंधळ मुलांना लगेच कळतो.

याच सुमारास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील रिचर्ड वॉटसन यांनी दाखवले, की असे वेळेचे हिशेब पाळले तर जोडताना आणि सोडताना पाठवायच्या खास पॅकेटांचीही गरज उरत नाही. पण वेळेचा हिशेब मात्र टाळता येत नाही. आम्हाला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. टीसीपीच्या निरोपात फिनची सगळीकडे आकृती काढतात. खरे काम त्या नुसत्या थांबण्याने होते.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, आयएसओने, स्वतंत्रपणे बनवलेल्या वाहतूक नियमावलीत असा सौम्य निरोप नव्हताच. तिथे जोडणी तोडली की वाटेतला मजकूर जाई. नीट निरोप घ्यायचे काम वरच्या थरावर सोपवले होते. भारतात १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्यात मुंबईचे एनसीएसटी आणि आयआयटी आरंभापासून होते. त्या जाळ्यावर काही वर्षे टीसीपी आणि आयएसओ या दोन्ही घराण्यांच्या नियमावल्या शेजारी शेजारी चालत. पुढे आयएसओच्या मागे पडल्या. त्याची कारणे अर्थातच वेगळी होती, केवळ निरोपाची पद्धत नव्हे.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट एनसीपी सोडून टीसीपीवर आले. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये 'सॉकेट' नावाची सोय आली आणि टीसीपी सामान्य प्रोग्रॅमरच्या हाती पडली. इथून पुढच्या घोटाळ्याचे बीज त्या सोयीच्या सोपेपणात होते. 'पाठव' ही आज्ञा दिली की ती यशस्वी झाल्याचे लगेच उत्तर येते. पण त्याचा अर्थ पत्र पेटीत पडले एवढाच, पत्त्यावर पोचले असा नाही. मजकूर अजून आपल्याच संगणकाच्या साठवणीत असू शकतो. मग प्रोग्रॅमर 'बंद कर' म्हणतो आणि निश्चिंत होतो. शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांवर हे शंभरदा नीट चालते.

आणि मजकूर पलीकडच्या टीसीपीला मिळाला, तरी पलीकडच्या प्रोग्रॅमने तो वाचला असे कुठे आहे? पत्राच्या पोचपावतीवर कधी घरातल्या दुसऱ्याच कोणाची सही असू शकते. ज्याच्यासाठी पत्र, त्याने ते उघडले का हे तिच्यावरून कळत नाही. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८१ साली मांडलेल्या आणि १९८४ साली विस्ताराने छापलेल्या निबंधात हेच सांगितले. काम झाले की नाही हे फक्त टोकाच्या प्रोग्रॅमलाच कळते, म्हणून शेवटची पोच त्यानेच द्यायला हवी.

ई-मेलच्या कर्त्यांनी हे ओळखले होते. ऑगस्ट १९८२ च्या एसएमटीपी नियमावलीत पत्राचा शेवट एका ओळीत एकटा पूर्णविराम ठेवून दाखवतात. जोडणी तोडून नव्हे. घेणारा पत्र सांभाळून ठेवतो आणि मगच २५० हा आकडा उत्तरात पाठवतो. २५० म्हणजे आता पत्राची जबाबदारी माझी. त्यानंतर पाठवणारा 'क्विट' म्हणतो, घेणारा २२१ म्हणतो, आणि मग जोडणी सुटते. तरीही दोन सेनापती इथेही डोकावतातच. २५० यायला उशीर झाला आणि पाठवणारा कंटाळून निघून गेला, तर तो तेच पत्र पुन्हा पाठवतो. एकच पत्र दोनदा येण्याचा हा प्रकार क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ साली नोंदवला. पुढच्या वर्षीच्या नियमांनी पाठवणाऱ्याला इथे १० मिनिटे थांबायला सांगितले. पत्र हरवण्यापेक्षा दोनदा आलेले चालेल, असा हा व्यवहारी निवाडा आहे.

१९९०च्या दशकात वेब आले. त्याच्या सुरुवातीच्या एचटीटीपी नियमावलीत वेगळाच रिवाज पडला. सर्व्हरने पान पाठवायचे आणि जोडणी बंद करायची. जोडणी बंद झाली की पान संपले असे समजायचे. सोपे खरे. पण सर्व्हरचा प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या उघड्या जोडण्या आवरते आणि बहुधा तसाच फिन पाठवते. वाचणाऱ्याला अर्धे पान पूर्ण वाटते. पानाची लांबी आधी सांगितली तरच ही चूक पकडता येते.

दुसरा घोटाळा अधिक विचित्र होता. समजा, एक ग्राहक सर्व्हरला मोठा मजकूर पाठवतो आहे. सर्व्हर पहिला भाग पाहून "हे चालणार नाही" असे उत्तर पाठवतो आणि जोडणी लगेच पूर्ण बंद करतो. ग्राहकाचा उरलेला मजकूर अजून वाटेत आहे. तो येऊन पोचतो तेव्हा ऐकायला कोणी नसते. १९८९च्या आरएफसी ११२२ प्रमाणे अशा वेळी टीसीपीने 'रीसेट' पाठवावे, म्हणजे मजकूर वाया गेला हे पलीकडे कळेल. हे रीसेट ग्राहकाकडे पोचले, की अनेक ठिकाणी ग्राहकाच्या टीसीपीकडे आलेला पण अजून न वाचलेला मजकूरही टाकून दिला जातो. त्यात सर्व्हरचे ते उत्तरही जाते. म्हणजे उत्तर पाठवले, ते पोचले, त्याची पोचही आली, आणि तरी ते ग्राहकाला मिळालेच नाही. दिसते फक्त "जोडणी तुटली".

यावरची तोड आरएफसी ७९३ मध्ये १९८१ पासून बसलेली होती. आपली बोलण्याची बाजू तेवढी बंद करायची, ऐकण्याची उघडी ठेवायची, पलीकडून फिन येईपर्यंत किंवा ठरलेली मुदत संपेपर्यंत येईल ते वाचून टाकायचे, आणि मग पूर्ण बंद करायचे. अपाची या प्रसिद्ध वेब सर्व्हरच्या १९९७ मधील १.२ आवृत्तीत ही रेंगाळून निरोप घेण्याची पद्धत आली. दारात उभे राहून अर्धा तास गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांना आपण हसतो, पण ज्याने आधी उठायचे ठरवले त्याने थोडे रेंगाळावे हे इथे गरजेचेच होते.

जो आधी निरोप घेतो त्याला टाइम-वेटमध्ये थांबावे लागते, हेही वेबने उघडे पाडले. पूर्वी बहुधा ग्राहक आधी उठत असे. वेबवर सर्व्हर आधी उठू लागला, आणि गर्दीच्या सर्व्हरवर अशा थांबलेल्या जोडण्यांचे ढीग साचले. फेबर, टच आणि यू यांनी १९९९ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. थांबण्याचा वेळ कापून टाकण्याचा मोह अनेकांना झाला, आजही होतो. हे थांबणे अकाली संपले तर जुनी पॅकेटे नव्या जोडणीत कशी घुसतात, हे रॉबर्ट ब्रेडन यांनी १९९२ सालीच आरएफसी १३३७ मध्ये दाखवून ठेवले होते. एकाच जोडणीवर अनेक पाने पाठवणे हा खरा उपाय, आणि १९९७च्या एचटीटीपी १.१ ने तो नेहमीचा रिवाज केला.

आतापर्यंतची सारी संकटे अपघाताची होती. फिन मात्र कोणी मुद्दामही पाठवू शकतो. फिनवर सही नसते. वाटेतल्या कोणीही खोटा फिन घुसवला तर पत्र तिथेच संपल्याचा भास होतो. अश्वत्थामा गेला एवढेच द्रोणाचार्यांच्या कानी पडले आणि पुढचे शब्द शंखनादात बुडाले, त्यातला हा प्रकार. वेबवरचे व्यवहार गुप्त ठेवण्यासाठी १९९५ साली आलेल्या एसएसएल २.० मध्ये हा दोष होता, कारण निरोपासाठी ती टीसीपीच्या फिनवरच विसंबत असे. १९९६च्या ३.० आवृत्तीत "आता बंद करतो" अशी वेगळी, खोटी करता न येणारी सूचना घातली गेली. ती न येता जोडणी संपली, तर मजकूर कापला गेला असल्याचा संशय घ्यायचा.

आरएफसी ७९३ ची जागा ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने घेतली. चार पॅकेटांचा निरोप आणि नंतरचे थांबणे त्यात तसेच आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, क्विक ही नवी नियमावली मानक झाली. वेबचा बराच व्यवहार आता तिच्यावरून चालतो. क्विकमध्ये संपूर्ण जोडणीसाठी टीसीपीसारखा चार पॅकेटांचा निरोप नाही. बंद करायचे तर एक पॅकेट पाठवून बंद करायचे. कोणाचे काही सांगायचे राहिले आहे का, याची चौकशी त्याआधी वरच्या प्रोग्रॅमने करायची. पण ते पॅकेट गेल्यावरही क्विक लगेच सगळे विसरत नाही. पोच न आल्यामुळे पॅकेट पुन्हा पाठवायला जितका वेळ धरतात, त्याच्या किमान तिप्पट वेळ ती जागेवर थांबते. तेवढ्यात पलीकडून काही आले, तर तेच निरोपाचे पॅकेट पुन्हा पाठवते.